विहिरीच्या प्रकरणाची दुरुस्ती

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते स्वतःच लिहायला बसले. विषय एकच, आमची वस्ती. धम्म घेतल्यावर गावकीची कामं कशी सोडली, मग गावाने कसं वाळीत टाकलं, मुलांना शाळेत कसं घातलं, असं सगळं. याला ते इतिहास म्हणायचे. मी एकदा सहज 'तुमच्या आठवणी' म्हणाले, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मास्तर माणसाचा राग तो, वर्गाबाहेरही शाळा सुटेपर्यंत टिकायचा.

आमचं गाव नगरहून पुण्याला जाताना सुप्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. मी नगरात एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर कंपोजिंग करत होते. लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल, दहाव्याची कार्डं, असलं काम. रविवारी घरी जायचे. आणि रविवारी सकाळी वस्तीत एक गोष्ट ठरलेली होती. पत्र्याच्या विहारात वंदना झाली की कुणी उठायचं नाही. अण्णा आठवडाभरात लिहिलेले फुलस्केप कागद काढायचे आणि मोठ्याने वाचायचे. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ती माणसं समोरच बसलेली असायची, आणि ती काही गप्प ऐकणाऱ्यांतली नव्हती.

सगळ्यात मोठी भांडणं झाली ती विहिरीच्या प्रकरणावर. गावाने पाणी बंद केलं तेव्हा वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली होती. उन्हाळाभर बायामाणसं त्या खड्ड्यात उतरत होती. पाणी लागलं तो दिवस अण्णांनी फार मन लावून लिहिला होता. ते वाचायला लागले, "मेजरच्या पहारीचा घाव बसला आणि कातळातून पाणी वर आलं."

मेजर म्हणजे अण्णांचा लहानपणचा मित्र. तो लष्करात स्वयंपाकी होता, पण आमच्याकडे लष्करातून पेन्शनवर आलेला कुणीही मेजरच असतो. तो मान ताठ करून बसला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने मावशी बोलली. मावशी अण्णांहून थोडी मोठी, अख्ख्या वस्तीची मावशी. विहीर खणली तेव्हा ती नवी नवरी होती.

"कुनाच्या पहारीचा?"

"मेजरच्या," अण्णा म्हणाले.

"मेजर तवा वर हुता. बाभळीखाली भाकर खात. खाली म्या हुते. घमेलं भरता भरता पायाला गार लागलं. म्या वरडले, तर वर कुनाला ऐकूच गेलं न्हाई. मंग दोरीला हिसके दिले."

"ए मावशे," मेजर म्हणाला, "भाकर खाऊन मी परत उतारलो हुतो की. मास्तर, लिव तू. हिला काय याद हाय?"

"तुला तुझ्या लग्नाची तरी याद हाय का रं?"

मग जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. मेजरची बायकोसुद्धा मावशीच्या बाजूने गेली, त्याचं त्याला फार लागलं. अण्णा मधे बसून समासात पेन्सिलीने भराभर लिहून घेत होते. चेहऱ्यावर असा आनंद की माणसाला वाटावं यांच्यासमोर पंचपक्वान्नं वाढलीत.

त्यांची पद्धत अशी होती. वर्गात मुलाचं वाक्य खोडताना ज्यांचा हात कधी कचरला नाही, ते इथे कुणाचा एक शब्द खोडत नसत. जे कुणी बोललं ते वाढवून घ्यायचं. पुढच्या रविवारी वाक्य असं आलं, "मेजर सांगतो की घाव त्याचा. मावशी म्हणते की तो तेव्हा बाभळीखाली भाकरी खात होता आणि पायाला गार लागलं ते तिच्या. मी त्या दिवशी नगरला बोर्डिंगात होतो, त्यामुळे दोघांवरही विश्वास ठेवणं मला भाग आहे." यावर वस्ती हसली. मावशीचं मात्र समाधान झालं नाही. "आदी माजं लिवा, मंग त्याचं," ती म्हणाली. पुढच्या रविवारी मावशी आधी आली, आणि मेजर भांडायला उठला.

मावशीला पुस्तकाकडून दुसरं काही नको होतं. ती लिहिण्यावाचण्यातली नव्हती. पाणी लागलं तेव्हा खाली ती होती, एवढं एक तिच्या तोंडच्या बोलीत छापून यावं, इतकीच तिची मागणी, आणि अण्णांनी ते अवतरणचिन्हांत तसंच घेतलंही होतं. दर रविवारी वंदनेआधीच ती अण्णांना विचारायची, "माजं पाय हाईत न्हवं त्यात?" अण्णा म्हणायचे, "आहेत गं, ओले आहेत अजून."

मी हे कागद प्रेसमध्ये नेऊन फावल्या वेळात कंपोज करत होते. एकेक प्रकरण कॉम्प्युटरवर चढलं की प्रिंट काढून अण्णांना द्यायचे, आणि ते आपले मूळ कागद फाडून टाकायचे. शाळेतली सवय. पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नाही, नाहीतर मुलं गोंधळतात. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट पक्की प्रत म्हणजे माझी प्रत, याचा थोडा अभिमानच वाटला.

त्याच सुमारास आमच्या प्रेसमध्ये इंटरनेट आलं. फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावायची, मग ती पेटी बराच वेळ किंचाळायची, आणि नशीब असेल तर जोडणी लागायची. मालकांनी मला शनिवारी दुपारनंतर ते वापरायची मुभा दिली होती. पुण्यात एका लहान प्रकाशनासाठी पुस्तकं संपादित करणाऱ्या एक बाई होत्या. दुसऱ्या एका पुस्तकाच्या निमित्ताने त्यांच्याशी ई-मेलवर ओळख झाली होती. मी धीर करून त्यांना विहिरीचं प्रकरण पाठवलं. सोबत आमच्या मराठी अक्षरांचा फॉण्टही पाठवावा लागला, नाहीतर तिकडे नुसते चौकोन दिसले असते. त्यांचं उत्तर आलं की प्रकरण फार आवडलं, पूर्ण पुस्तक पाठवा, छापू या. "मी थोडं काम करून परत पाठवीन, तुम्ही बघा," असंही त्यांनी लिहिलं होतं. मी पूर्ण पुस्तक पाठवलं.

ते परत आलं त्या शनिवारी अण्णा मुद्दाम एस.टी.ने नगरला आले. इस्त्रीचा सदरा घालून. मी फाईल उघडली आणि पडदाभर लाल दिसलं.

आज हे कुणाला सांगायचीही गरज नाही, पण तेव्हा आम्ही ते प्रथमच पाहत होतो. बाईंनी फाईलमध्येच खुणा केल्या होत्या. त्यांनी नवीन घातलेले शब्द लाल, खाली रेघ. काढावेसे वाटलेले शब्दही लाल, पण मधून रेघ. एकेका खुणेवर जाऊन ती मान्य आहे की नाही हे ठरवायची सोय होती. आणि सगळंच एकदम मान्य करायचं असेल तर त्यालाही एक बटण होतं.

अण्णा खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ गेले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"इतक्या चुका गं?"

"चुका नाहीत अण्णा. बदल सुचवलेत त्यांनी."

"लाल आहे ना?"

मी हो म्हणाले. आता त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला स्वच्छ दिसतं, तेव्हा दिसलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं लाल शाई वापरली, त्याला लाल अक्षरात नुसतं विचारलेलंही असू शकतं हे कसं समजावं? त्यांच्या वर्गात लाल शाईवर वाद नव्हता. लाल झालं की मुलाने ते वाक्य मुकाट्याने पुन्हा लिहायचं. आज त्यांची पाळी आली होती, आणि चांगल्या विद्यार्थ्यासारखं वागायचं त्यांनी ठरवलं.

"बाई शिकलेल्या असतील?"

"खूप. पुष्कळ पुस्तकं केलीत त्यांनी."

"मग मान्य कर सगळं."

मी बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं लाल जाऊन काळं झालं. मला ते आवडलं, हे सांगायला हवं. इतकं नीटनेटकं पान मी लग्नपत्रिकेतही पाहिलं नव्हतं. अण्णांनाही आवडलं. त्यांनी मला शेजारच्या हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली आणि स्वतः नुसता चहा घेतला. "आता पुस्तकासारखं दिसतंय," असं ते दोनदा म्हणाले.

मी ते बाईंना परत पाठवलं. पंधरवड्यात पुन्हा लाल आलं, पहिल्यापेक्षा जास्त. अण्णा पुन्हा आले, पुन्हा मान्य. त्यानंतर आणखी एक फेरी झाली. प्रत्येक वेळी मी नवी प्रिंट अण्णांना द्यायचे, ते सवयीने जुनी फाडून टाकायचे, आणि प्रकरण आटत गेलं. मेजरची भाकरी गेली, बाभूळ गेली. मावशीचं बोलणं आधी प्रमाण भाषेत आलं, मग अवतरणचिन्हांतून बाहेर आलं, मग तिसऱ्या फेरीत राहिलंच नाही. मी ते जाताना पाहत होते. थोडं खटकलंही. पण पुण्याच्या बाई आणि अण्णा या दोघांचं जुळत असताना मधे मी कोण बोलणार, असं वाटलं. शिवाय आम्ही जागा वाचवायला एकाच फाईलवर काम करायचो. नवीन ठेवली की जुनी त्याच नावाखाली पुसली जायची, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

एवढे दिवस अण्णांनी विहारातलं वाचन थांबवलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुरुस्ती चालू आहे." मावशी दर रविवारी विचारायची. अण्णा म्हणायचे, "पुण्याच्या बाई तपासतायत. लाल शाईनं." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आपलं लिहिणं कुणीतरी तपासण्याच्या लायकीचं मानलं, याचं त्यांना किती अप्रूप होतं हे मी सांगू शकत नाही. मावशी मान डोलवायची आणि बाकीच्या बायकांना ते पुढे सांगायची.

शेवटची प्रत तयार झाली तेव्हा त्यांनी ती वाचायचं ठरवलं. त्या रविवारी विहारात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. पावसाळा संपून पंधरवडा झाला असेल, अंगणात हुलगे वाळत घातले होते. अण्णा विहिरीचं प्रकरण वाचायला लागले. "गावाने पाणी नाकारल्यावर वस्तीने एकजुटीने विहीर खोदण्याचा निर्णय घेतला. अथक परिश्रमांनंतर पाणी लागले." पुढे दोन परिच्छेद आणखी होते, तेही असेच. वाचन संपलं.

अण्णा कागदावरून वर बघून थांबले. ते नेहमी थांबायचे तसे, पेन्सिल हातात.

"झालं?" मावशीने विचारलं.

"झालं."

"बरं."

मेजर घसा खाकरून म्हणाला, "झ्याक लिवलंय तुमी."

तुमी. जो माणूस पन्नास वर्षं अण्णांना 'ए मास्तर' म्हणत आला, तो तुमी म्हणाला. अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. माणसं उठून आदराने बाहेर पडली. कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही.

परतीच्या एस.टी.ला मला सोडायला अण्णा फाट्यापर्यंत आले. वाटेत एवढंच म्हणाले, "पहिलं आणता येईल का गं?"

प्रेसमध्ये मी सगळं धुंडाळलं. फ्लॉपीवर शेवटचीच प्रत होती. आलेले मेल आम्ही जागेसाठी पुसून टाकायचो. मग मी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला बाईंना फोन लावला आणि पहिली फाईल आहे का विचारलं. त्यांच्याकडेही नव्हती, त्यासुद्धा त्याच फाईलवर काम करायच्या. मी का विचारतेय ते सांगितलं.

"मला वाटलं होतं तुमचे वडील भांडतील," त्या म्हणाल्या. "लेखक भांडतातच. मी मुद्दाम जास्त सुचवते, अर्धं तरी ते नाकारणार हे धरून. त्यांच्याकडून एकही नकार आला नाही, तेव्हा मला वाटलं त्यांनाच आटोपशीर हवंय. म्हणून पुढच्या वेळी आणखी काढलं."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं. बूथमध्ये शिरताना शब्दही जमवले होते. पण बाई खरं बोलत होत्या आणि त्यांनाही वाईट वाटत होतं. त्या शेवटी म्हणाल्या, अजून छपाईला वेळ आहे, ते प्रकरण पुन्हा लिहून पाठवा, जसंच्या तसं घेऊ, मी हात लावणार नाही.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते एकदम हुशारले. "मग काळजी कसली? मूळ प्रत विहारातच बसलेली असते," म्हणाले. शनिवारीच त्यांनी कोरे फुलस्केप आणून ठेवले, पेन्सिलीला टोक केलं.

रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. शेवटच्या प्रतीतलं प्रकरण पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "आता सांगा. कुठं कुठं चुकलंय?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"चुकंल कसं?" मेजर म्हणाला. "तपासून आलंय न्हवं?"

"ते राहू दे. तू भाकरी खात होतास की नव्हतास?"

मेजर ओशाळून हसला. "जाऊ द्या की. म्हाताऱ्या मान्सांची चेष्टा हुती ती. पुस्तकात कशाला?"

अण्णा मावशीकडे वळले. "मावशी, पाणी लागलं तेव्हा खाली कोण होतं?"

मावशीने पदर सारखा केला. "पुस्तकात काय हाय?"

"पुस्तकात कुणीच नाही. वस्ती आहे."

"मंग वस्तीच आसंल."

"अगं, तूच सांगायचीस ना. पायाला गार लागलं म्हणून."

"सांगत हुते, व्हय. पर येवढ्या शिकलेल्या बाईनं लाल शाईनं तपासलंय. तिनं काडलं म्हंजी तसं नसंल. माजंच डोकं आता ऱ्हात न्हाई, गुर्जी."

ती रुसून बोलत असती तर बरं झालं असतं. मी तिचा चेहरा नीट निरखून पाहिला, रुसवा कुठेच नव्हता. तिला ते खरोखर पटलं होतं. जन्मभर जे तिने पायाच्या तळव्यांनी ओळखलं होतं, ते तिने पुण्याहून आलेल्या रंगापुढे सोडून दिलं होतं. आणि तो रंग किती मोठा असतो हे अण्णांनीच तिला इतके रविवार कौतुकाने सांगितलं होतं. मला रडू आवरेना, म्हणून मी दाराकडे तोंड केलं.

अण्णांनी अजून हार मानली नव्हती. वर्गातला हट्टी मुलगा उत्तर देत नसला की ते मुद्दाम चुकीचं सांगायचे, म्हणजे मुलगा उसळून उठायचा. तसंच त्यांनी केलं. पेन्सिल कागदावर टेकवली आणि ठणकावून म्हणाले, "ठीक आहे. मग मी लिहितो, खाली एकटा मेजर होता. पाणी मेजरने काढलं."

सगळे मावशीकडे बघायला लागले. मेजरसुद्धा. मला वाटतं त्या क्षणी त्यालाही तिने त्याच्या लग्नाबद्दल काहीतरी बोलावं असंच हवं होतं.

"लिवा की," मावशी म्हणाली. "त्याच्या नातवंडास्नी बरं वाटंल."

"नको, माजं नको," मेजर खाली बघत म्हणाला.

अण्णांनी पेन्सिल कागदावर तशीच ठेवली. थोड्या वेळाने बायका गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मग पुरुष उठले. जाता जाता प्रत्येकाने अण्णांना वाकून हात जोडले, मोठ्या माणसाला जोडतात तसे. कुणी सांगितल्याशिवाय अण्णा लिहिणार नव्हते, म्हणून ते प्रकरण तसंच राहिलं. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं, त्याचं कौतुकही झालं. पण त्या रविवारनंतर विहारात अण्णांशी कधी कुणी भांडलं नाही.